टिपणीस काकांचं नाक

आईवडील सोडले, तर या जगात मी सर्वात जास्त ऋणी गजानन टिपणीस यांचा आहे. आणि चारचौघांत मला सर्वात जास्त वेळा खाली मान घालायला लावली असेल, तर तीही त्यांनीच.

टिपणीस काका कोणाच्या घरी गेले की आधी नमस्कार करत नाहीत. आधी वास घेतात. चपला दारात काढायच्या, पिशवी खुर्चीवर टाकायची आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचं. तिथे ओट्याखालचा तेलाचा डबा ओढायचा, झाकण उघडायचं आणि डोळे मिटून नाक आत घालायचं. घरची बाई हातातलं लाटणं घेऊन तशीच उभी. मग काका डोळे उघडून निकाल देणार. निकाल तीनच. "ताजं", "वयात आलेलं" आणि "मेलेलं". तेल मेलेलं असेल तर ते डबा उचलून बाईच्या हातात देत, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणत, "वहिनी, साखळी सुरू झाली हो."

सोबत गेलेला मी तेव्हा दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत असे.

कोलकात्यातली मराठी माणसं थोडी. बँकेतली, रेल्वेतली, अलीकडे आयटीतली. बदली होऊन येतात, मासळीबाजाराला नाक मुरडतात, आणि जायची वेळ आली की रडतात. या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांवर काकांचा अंमल होता. दिवाळीत इथल्या मराठी मंडळाचा फराळ बालीगंजला पाटणकर काकूंकडे होतो. काकांनी तेलाला नाक लावल्याशिवाय तिथे कढई चढत नसे.

काकांचा हा नुसता छंद नव्हता, धंदाच तो होता. खिदिरपूरच्या गोदीजवळ तेल तपासणारी एक लहानशी खाजगी प्रयोगशाळा आहे. बोटीतून आलेल्या तेलाचे नमुने तिथे तपकिरी बाटल्यांतून येतात. यंत्रं आपले आकडे देतात, पण शेवटी पाच माणसं ओळीने बसून, कोमट तेलाची पेली नाकाखाली धरून गुण देतात. त्या ओळीतली पहिली खुर्ची काकांची. यंत्राने पास केलेलं तेल काकांनी नापास केलं, तर मालक यंत्र पुन्हा तपासायचा.

त्याच प्रयोगशाळेत मी नोकरीला लागलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गाव औशाजवळचं, शाळा तालुक्याची, बीएस्सी लातूरची. इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यातच राहायचं. पहिल्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. आईने भाकरीबरोबर जवसाची चटणी बांधून दिली होती, दोन रात्रींच्या प्रवासातून आलेली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले काका घास तोंडाशी नेता नेता थांबले. उठले, माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी वास घेतला.

"मराठी?"

"हो."

"जवस?"

"हो."

"खवट!" काका आनंदाने ओरडले. "अहाहा! काय सुंदर खवट झालीय! चौधरीबाबू, इकडे या, वास घ्या. हे पुस्तकातलं उदाहरण आहे!"

चौधरीबाबू आले. आणखी दोघं आले. प्रत्येकाने माझ्या आईच्या चटणीचा वास घेतला आणि मान डोलावली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. ती चटणी मी लहानपणापासून खात होतो. तिला कुणी वाकून हुंगावं असं तिच्यात काही आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

संध्याकाळी त्याच माणसाने मला विचारलं, "राहतोस कुठे?" मी धर्मशाळेचं नाव सांगितलं. काका म्हणाले, "वेडा आहेस. चल." पुढे कितीतरी महिने मी खिदिरपूरला त्यांच्या घरी राहिलो. रोज जेवणानंतर ते मला अहवाल लिहायला शिकवत. माझं वाक्य मोठ्याने वाचत आणि विचारत, "यातून तुला नेमकं काय म्हणायचंय? मग तेवढंच लिही." एमएस्सीचा अर्ज त्यांनी भरायला लावला, परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला आले, आणि फाटकावरच्या भेळवाल्याच्या तेलाचा वास घेऊन त्याच्याशी भांडले. आज माझ्या नावापुढे जे काही आहे, बालीगंजची भाड्याची का होईना जी जागा आहे, त्यात टिपणीस काकांचा हात नाही असं काहीच नाही.

काकांनी लग्न केलं नाही. म्हणजे एकदा ठरत आलं होतं. मुलगी पाहायला गेले. पोहे आले. काकांनी बशी नाकाजवळ नेली आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "शेंगदाणे खवट आहेत." पुढे बोलणी झाली नाहीत. हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि शेवटी गंभीरपणे जोडत, "पण होतेच ना खवट!"

त्यांच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे दूध तापवायची जागा. जेवणाचा डबा बाहेरून यायचा.

त्यांनी मला तेल कसं बिघडतं ते शिकवलं, तेही वर्गात नव्हे, बसमध्ये. खिदिरपूरहून बालीगंजला येणारी बस, तुडुंब भरलेली. काका दांड्याला लटकून मोठ्याने मराठीत शिकवत होते.

"बघ दत्ता, तूप म्हणजे सरळ साखळी, सगळ्या जागा भरलेल्या. त्याला कोणी सहज हलवू शकत नाही. पण करडई, सूर्यफूल, जवस यांच्या साखळीत दुहेरी बंध असतात, एकापेक्षा जास्त. आणि दोन दुहेरी बंधांच्या मधे जो हायड्रोजन बसलेला असतो ना, तो हा." त्यांनी तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकलेल्या एका गृहस्थाकडे सरळ बोट दाखवलं. "अर्धी मांडी हवेत! याला उठवायला कितीसा जोर लागतो? उजेड, ऊन, लोखंडाचा कण, काहीही पुरतं. आणि एकदा हा हिसकावला की त्याचा रेणू गप्प बसत नाही. तो ऑक्सिजनला धरतो आणि शेजारच्याचा हायड्रोजन हिसकावतो. शेजारचा त्याच्या शेजारच्याचा. ही साखळी. अख्खी बस पेटते! मग रेणू तुटतात, त्यांचे बारके तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांचा वास म्हणजे खवट वास."

अर्धी मांडी हवेत असलेले गृहस्थ काकांच्या बोटाकडे संशयाने पाहत होते. एवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका वृद्ध बंगाली सद्गृहस्थांनी उठून एका बाईला जागा दिली आणि ते शांतपणे उभे राहिले. काकांना काय करू आणि काय नको असं झालं.

"हे बघ! हे बघ ई जीवनसत्त्व! स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि उभं राहतं. पुढे कोणाचा हिसकावत नाही. साखळी तिथे तुटली!"

"की बोलछेन?" म्हाताऱ्यांनी विचारलं. काय म्हणता आहात?

"आपनि भिटामिन ई!" काकांनी त्यांना हात जोडून सांगितलं.

म्हाताऱ्यांनी क्षणभर विचार केला. "धोन्नोबाद," ते म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

पण उतरल्यावर मी विचारलं, "काका, मग ते ई जीवनसत्त्व उभंच राहतं का?"

"चांगला प्रश्न. शरीरात सी जीवनसत्त्व असतं. ते येऊन त्याला पुन्हा बसायला जागा देतं. नाही आलं, तर बिचारं उभंच." आणि रस्त्याच्या मधोमध थांबून त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवलं. "हाही तेलाचा डबाच आहे, दत्ता. सदतीस डिग्रीला ठेवलेला, आणि त्यात आपण रात्रंदिवस ऑक्सिजन सोडतोय. प्रत्येक पेशीचं आवरण याच स्निग्धाम्लांचं. मेंदूत तर रेलचेल. तिथे साखळी सुरू झाली की आवरणं फाटतात, तुटलेले तुकडे प्रथिनांना चिकटून त्यांना बिघडवतात, रक्तातली चरबी बिघडून धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसते. तरी माणूस इतकी वर्षं खवट न होता टिकतो, हे काय थोडं आहे?"

"मग ही तेलं खाऊच नयेत?"

"वेडा आहेस. त्यातली काही शरीराला स्वतः करता येत नाहीत, खावीच लागतात. खा, पण ताजी खा. झाकून ठेव, अंधारात ठेव, थोडी आण, तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नकोस. आपल्याला ज्याची सर्वात जास्त गरज, तेच लवकर बिघडतं. त्याला आपण काय करणार? जपायचं."

बालीगंज स्टेशनबाहेर वांग्याची भजी तळणारा एक माणूस आहे. काल उरलेल्या तेलात आजचं नवं ओतणारा. काका त्याच्या कढईवर वाकून जाहीर करत, "एइ तेलटा मोरे गेछे!" हे तेल मेलंय. तो झारा हलवत सांगे, "तेल मोरे गेछे, किन्तु बेगुनी बेंचे आछे, दादू." तेल मेलं असेल, पण भजं जिवंत आहे, आजोबा. रांगेतली माणसं हसत. काका भजी न घेता निघत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभे.

आता माझ्याबद्दल. आई दरवर्षी कोणाबरोबर तरी करडईचं तेल पाठवायची. आमच्या शेतातली करडई, गावच्या घाण्यावर काढलेली. मी झाकण उघडायचो. काकांनी शिकवलेलं नाक आत घालायचो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास यायचा. मग मी ते केराच्या पिशवीत बांधून टाकायचो आणि फोनवर आईला सांगायचो, "तेल एकदम मस्त, आई." ती म्हणायची, "मग आणखी पाठवते." आणि पाठवायची.

मध्यंतरी त्या मोठ्या साथीत काकांना ताप येऊन गेला. बरे झाल्यावर प्रयोगशाळेतली आपली पहिली खुर्ची त्यांनी मला दिली आणि निवृत्त झाले. मालक नको नको म्हणत होता. काका म्हणाले, "आता पोरांनी बसावं." मी त्यांच्या पाया पडलो. घरोघरच्या फेऱ्या मात्र चालूच राहिल्या. फक्त त्यांच्या बोलण्यात एक नवं वाक्य आलं. डबा उघडायचा, नाक आत घालायचं, आणि सोबतच्या माणसाकडे वळून म्हणायचं, "आधी तू सांग." मी सांगायचो. पाटणकर काकू सांगायच्या. मग काका मान हलवून निकाल द्यायचे. मला वाटायचं, जुना शिक्षक आहे, परीक्षा घेतोय.

यंदा दिवाळीला आई पहिल्यांदा कोलकात्याला आली. येताना करडईचा मोठा कॅन घेऊन आली, मंडळाच्या चिवड्यासाठी. उन्हाळ्यात काढलेलं, माझ्यासाठी म्हणून राखून ठेवलेलं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, खिडकीत. रेल्वेत कुणी पाय लावेल म्हणून ती त्याला टेकून झोपली होती. पाटणकर काकूंच्या घरात सहा-सात बायका जमल्या होत्या. आई नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन कॅनशेजारी उभी होती. "आमच्या रानातलं हाय," ती प्रत्येकीला सांगत होती.

काका आले. चपला, पिशवी, स्वयंपाकघर. त्यांनी झाकण उघडलं, डोळे मिटले, नाक आत घातलं. मग माझ्याकडे वळले.

"आधी तू सांग."

मी वाकलो. तोच वास, जुन्या रंगाचा आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा. वर पाहिलं तर आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ताजं आहे," मी म्हणालो.

"ताजं!" काकांनी टाळी वाजवली. "उत्तम! ताई, असं तेल आता मिळत नाही. चढवा कढई!"

आईचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, झालं ते बरंच झालं. काकांना कळलंय, मी मनात म्हटलं, आणि माझ्या आईसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तेलाबद्दल खोटं सांगितलंय.

तेल तापलं. आई पोहे घेऊन कढईजवळ गेली आणि थांबली.

"आरं, बंद करा, बंद करा. खवट झालंय की हे! वास येईना का तुम्हाला कुणालाच?"

पाटणकर काकूंनी वाकून पाहिलं आणि नाकाला पदर लावला. "अगं बाई, खरंच की! काय हो टिपणीस काका, नाकाला दिवाळीची सुट्टी दिलीत का?"

बायका हसल्या. एक म्हणाली, "पाहुण्यांचं मन राखलं हो त्यांनी." दुसरी म्हणाली, "आमच्या वेळी नाही कधी राखलं! माझ्या चकल्या अख्ख्या मंडळासमोर मेलेल्या ठरवल्या होत्या."

काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. अनोळखी स्टेशनवर भलत्याच गाडीतून उतरलेला माणूस बघतो, तसे. मग पिशवी उचलून चहा न घेताच निघून गेले.

घरी येताना आईने विचारलं, "मी आजवर पाठवलेलं तेल पण असंच निघत होतं का रं?" मी मान खाली घातली. "मग सांगायचं होतंस की," ती म्हणाली. "खवट तेल टाकून देत्यात. त्यात काय लाजायचं?"

दुसऱ्या दिवशी मी खिदिरपूरला गेलो. जिन्यातच करपल्याचा वास आला. काकांनी दार उघडलं. आत स्वयंपाकघरात गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर झालं होतं. काका पेपर हातात घेऊन निवांत उभे होते.

"काका, दूध करपलंय."

"हो का?" ते म्हणाले.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली.

"त्या तापात गेलं," काका म्हणाले. "सगळ्यांचं परत आलं. माझं राहिलं. प्रयोगशाळेत सही करायची तर वास यायला हवा, म्हणून खुर्ची सोडली. तिथे लबाडी नाही केली मी."

"आणि घरोघरी?"

"घरोघरी तुम्ही सगळे होताच की. डब्याच्या कडेला हात लावायचा, तेल चिकट झालं असेल तर कळतं. फेस बघायचा. आणि तुम्हाला विचारायचं. तुझं नाक तर मीच तयार केलेलं." ते थोडं थांबले. "काल तू चुकलास, की खोटं बोललास?"

"खोटं बोललो. आई होती समोर."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझंही गेलं की काय. घाबरलो होतो."

ज्या माणसाने मला उभं केलं, त्याने माझ्या शब्दावर डोळे मिटून पाऊल टाकलं, आणि मी त्याला चारचौघांत पाडलं होतं. तरी त्याला काळजी माझ्या नाकाची.

निघताना ते दारात म्हणाले, "मंडळाला सांगून टाक. लपवून ठेवू नकोस. फक्त एक आहे, दत्ता. वास न येणाऱ्या म्हाताऱ्याला स्वयंपाकघरात कोण घेतं? दिवाणखान्यात बसवतील, चहा देतील, जा म्हणतील."

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही, आणि मी पुन्हा गेलो तेव्हा दारही उघडलं नाही. म्हणून मी पत्र टाकलं. ते असं:

ती. काकांस,

सा. न.

काल मंडळात मी उभा राहून सांगितलं. आधी माझं खोटं सांगितलं, मग तुमच्या नाकाचं. पाटणकर काकू रडल्या, आणि लगेच म्हणाल्या की ज्या चकल्या तुम्ही साथीनंतर मेलेल्या ठरवल्या, त्या आता अपिलात जाणार. तुम्ही उत्तर द्यायला यावं असं त्यांचं म्हणणं आहे.

आईला मी त्याआधीच सर्व सांगितलं होतं. दरवर्षीचं तेल मी काय करत होतो, तेही. ती दोन दिवस माझ्याशी कमी बोलली. तिसऱ्या दिवशी जवस भाजायला घेतले. म्हणाली, चटणी इथेच ताजी करते, आणि त्या काकांना बोलाव. मी म्हणालो, त्यांना वास येत नाही. ती म्हणाली, मग काय झालं, त्यांना भूक तर लागते ना?

रविवारी सकाळी या. चपला दारात, पिशवी खुर्चीवर, आणि थेट आत. आईने ओट्याजवळ स्टूल ठेवलं आहे. ते तुमचं आहे. तुम्ही त्या दिवशी बसमधून उतरल्यावर सांगितलं होतं, उभं राहिलेल्या माणसाला कोणीतरी येऊन पुन्हा बसायला जागा द्यावी लागते. मला यायला उशीर झाला, काका.

डबा तुम्हीच उघडा. आधी मी सांगेन, आणि खरं सांगेन. निकाल तुम्ही द्या.

तुमचा,
दत्ता